३.९ की ३.०७? जुन्या स्पोर्ट्स कारचा हायवेचा आकडा

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार वळणावळणाच्या रस्त्यावर जीव ओवाळून टाकावा अशी पळते. हायवेला लागून काटा शंभरच्या पुढे गेला, की मात्र इंजिन किंचाळायला लागतं. हात आपसूक पुढच्या गिअरकडे जातो, आणि पुढचा गिअर नसतोच! गाडी बिघडलेली नसते, इंजिनही धडधाकट असतं. ही सगळी करामत मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसलेल्या क्राऊन-पिनियनची असते. तिथला एक छोटासा आकडा गाडीचा अख्खा स्वभाव ठरवतो. तो आकडा कसा वाचायचा, कसा निवडायचा आणि त्याच्या पायी कुठे काय काय घडलं, त्याची ही सफर.

दाते मोजा, स्वभाव कळेल

एमजी कंपनीच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या ॲक्सलचा रेशो ३.९०९. म्हणजे काय? क्राऊन चक्राला ४३ दाते, पिनियनला ११. भागाकार केला की आला ३.९०९. चाकाचा एक फेरा व्हायला गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जवळजवळ चार फेरे मारावे लागतात, आणि टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. आकडा मोठा, तर पिकअप तगडा आणि इंजिनाची धावपळ जास्त. आकडा लहान, तर इंजिन निवांत, पण ओढ कमी. दोन्ही एकदम मिळत नाही. सगळी निवड या एका ओढाताणीभोवती फिरते.

शंभरच्या वेगाचं गणित

एमजीबीचं मागचं चाक एका फेऱ्यात सुमारे १.८८ मीटर अंतर कापतं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर. म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ८८७ फेरे. त्याला रेशोने गुणलं, की टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते समजतं. चाक तेच ठेवून फक्त रेशो बदलत गेलो, तर आकडे असे येतात:

४.३ रेशो: ३,८१० फेरे
४.११ रेशो: ३,६५० फेरे
३.९०९ रेशो: ३,४७० फेरे
३.७ रेशो: ३,२८० फेरे
३.३१ रेशो: २,९४० फेरे
३.०७ रेशो: २,७२० फेरे

३.९०९ वरून ३.०७ वर आलात, तर मिनिटाला ७५० फेरे वाचतात. तासाभराच्या प्रवासात ४५ हजार! कानांना मिळणारा आराम वेगळाच.

आकडा घसरत गेला, कारण रस्ते सुधारत गेले

एमजीच्या गाड्या ओळीने उभ्या करा आणि मागून आकडे वाचा. १९४५ ची टीसी: ५.१२५. १९५३ ची टीएफ: ४.८७५. १९५५ ची एमजीए: ४.३. १९६१ ची एमजीए १६०० मार्क टू: ४.१. १९६२ ची एमजीबी: ३.९०९. १९७३ ची एमजीबी जीटी व्ही८: ३.०७. अरुंद रस्ते, चढ-उतार आणि छोटी इंजिनं होती, तोवर मोठा आकडा शहाणपणाचा होता. मग ५ डिसेंबर १९५८ रोजी ब्रिटनमधला पहिला मोटरवे, प्रेस्टन बायपास, खुला झाला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी एम-१ चा पहिला मोठा टप्पा आला. तासन्‌तास एकाच वेगाने गाडी हाकायची सवय लागली, इंजिनंही मोठी झाली, आणि आकडा खाली उतरत गेला. ॲक्सलचा रेशो पाहिला, की ती गाडी कुठल्या रस्त्यासाठी जन्मली ते कळतं.

मर्यादाच नव्हती!

सुरुवातीला एम-१ वर वेगमर्यादाच नव्हती. जून १९६४ मध्ये, ले माँच्या शर्यतीआधी, एसी कंपनीने आपली कूपे गाडी भल्या पहाटे याच रस्त्यावर पळवून पाहिली. चालक होता जॅक सीअर्स, आणि वेग ताशी सुमारे १८५ मैल, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर! वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. पुढे डिसेंबर १९६५ मध्ये ७० मैलांची मर्यादा आली, आधी प्रायोगिक आणि मग कायमची. हायवेच्या वेगाला कोणता रेशो बरा, हे गणित ब्रिटनमध्ये आजही याच ७० मैलांवर, म्हणजे ११३ किलोमीटरवर मांडलं जातं.

तोच रेशो, पण चाक लहान

टीसीला १९ इंची उंच, बारीक चाकं होती. १९५० ची टीडी आली १५ इंची चाकांवर. ॲक्सलचा रेशो मात्र तोच, ५.१२५. चाक बुटकं झाल्यावर त्याच वेगाला फेरे वाढणारच. टीडीचं इंजिन शंभरच्या वेगाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे जातं. म्हणूनच टीडीवाली मंडळी गेली कित्येक वर्षं ४.५५ किंवा ४.३ च्या क्राऊन-पिनियनच्या शोधात असतात. एमजी मॅग्नेट आणि एमजीए या भावंडांच्या घरातून ते मिळतं.

टायर बदलला, रेशो बदलला

हा नियम आजही तितकाच लागू आहे. एमजीबीला १६५/८०-१४ चे टायर काढून १८५/६०-१४ चे बसवले, तर दिसायला गाडी रुबाबदार होते, पण चाकाची उंची ६ टक्क्यांहून जास्त घटते. ३.९ चा ॲक्सल आता ४.२ सारखा वागतो. हायवेवर इंजिन ओरडतं अशी तक्रार असेल, तर पहिली नजर टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यांवर टाका. रेशोला हात न लावता अर्धा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

ओव्हरड्राइव्ह आहे? मग आकडा मोठा घ्या!

ऐकायला उलटं वाटतं, पण ऑस्टिन-हीली ३००० ने हेच केलं. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीला ३.५४५ चा ॲक्सल, आणि ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाडीला ३.९०९ चा. कारण सरळ आहे. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे टॉप गिअरच्या वरचा जोडगिअर, रेशोला ०.८२ च्या आसपास गुणतो. ३.९०९ ला ०.८२ ने गुणलं की ३.२ येतात. म्हणजे साध्या टॉप गिअरमध्ये ओव्हरटेक करायला जोर मिळाला, आणि बटण दाबलं की ३.२ ची शांतता. एकाच गाडीत दोन ॲक्सल मिळाल्यासारखं झालं. वरच्या गणितात बसवा: एमजीबीचे शंभरच्या वेगाचे ३,४७० फेरे ओव्हरड्राइव्हमध्ये २,८४० वर येतात, आणि मागच्या ॲक्सलचा एक नटही ढिला करावा लागत नाही.

शेफील्डची जादू

हा ओव्हरड्राइव्ह एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या कल्पनेतून आला आणि शेफील्डच्या लेकॉक कंपनीने तो बनवला. सुरुवातीला तो स्टँडर्ड व्हॅनगार्ड या साध्यासुध्या सेडानला मिळाला, आणि पुढे ट्रायम्फ, हीली, एमजी, व्होल्व्होपर्यंत पोचला. थेट फेरारीनेही १९६० च्या २५० जीटीईला तोच बसवला! गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडलेल्या या डब्यात सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी छोटी चक्रं मधल्या चक्राभोवती फिरतात. स्विच दाबला की विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो, तेलाचा दाब शंकूच्या आकाराचा क्लच ढकलतो, आणि क्लचचं पेडल न दाबता गाडी वरच्या गिअरवर जाते. टॅकोमीटरचा काटा अलगद सहाशे फेरे खाली उतरतो. तो क्षण एकदा अनुभवला, की दुसरं काही नको वाटतं.

एक जपायची गोष्ट: ओव्हरड्राइव्ह आणि गिअरबॉक्स एकच तेल पितात. एमजीबीला त्यात २०-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं. मागच्या ॲक्सलचं वासाचं जाड गिअर ऑइल तिथे ओतायचं नाही.

बेल्जियमच्या सरळ रस्त्यावर

मे १९५३. बेल्जियममधल्या याबेक गावाजवळचा सरळ हायवे. ट्रायम्फची टीआर-२, १,९९१ सीसीचं इंजिन, मागे ३.७ चा ॲक्सल आणि सोबत ओव्हरड्राइव्ह. वाऱ्याला कमी अडेल अशी सजवलेली गाडी केन रिचर्डसन यांनी ताशी १२५ मैलांच्या जवळ, म्हणजे २०० किलोमीटरवर नेली. स्वस्तातल्या स्पोर्ट्स कारने दोनशेचा पल्ला गाठला, ही बातमी ट्रायम्फच्या जाहिरातींना वर्षानुवर्षं पुरली.

अमेरिकेला एक, बाकीच्यांना दुसरा

जग्वारच्या ४.२ लिटर ई-टाइपला १९६४ पासून ब्रिटनमध्ये ३.०७ चा ॲक्सल मिळायचा, आणि अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना ३.५४ चा. अमेरिकन गिऱ्हाइकाला सिग्नल सुटल्यावरचा झपाटा हवा होता.

डॅटसनने २४०झेडच्या बाबतीत नेमकं उलट केलं. अमेरिकेला चार गिअर आणि ३.३६४ चा लांब ॲक्सल, तर जपान-युरोपला पाच गिअर आणि ३.९ चा. आता गंमत बघा. पाचवा गिअर ०.८६ च्या आसपास होता. ३.९ गुणिले ०.८६ म्हणजे ३.३५. दोन्ही गाड्यांचं टॉप गिअरमधलं अंतिम गणित जवळजवळ सारखंच! फरक एवढाच, की पाच गिअरवाल्याला खालच्या गिअरांत जोर जास्त मिळाला. हायवेची शांतता आणि घाटातली ओढ एकाच गाडीत हवी असेल, तर पाचवा गिअर हेच उत्तर, हे डॅटसनने तेव्हाच दाखवून दिलं.

दोन डॉलरची शांतता

शेव्हरोलेच्या १९६३ च्या कॉर्व्हेटच्या ऑर्डरच्या कागदावर जी-९१ नावाचा एक पर्याय होता: स्पेशल हायवे ॲक्सल, रेशो ३.०८. किंमत दोन डॉलरच्या आसपास. त्याच यादीच्या दुसऱ्या टोकाला शर्यतवाल्यांसाठी ४.५६ चा ॲक्सलही होता. एकच गाडी, पण ३.०८ वाला खंड पार करायला निघायचा आणि ४.५६ वाला पाव मैलाच्या शर्यतीला.

मर्सिडीजची १९५४ ची पंखांच्या दारांची ३००एसएल तर याहून पुढची. कंपनीने तिला अनेक रेशो देऊ केले, आणि कोणता घेतलात त्यावर तिचा कमाल वेग ताशी २३५ ते २६० किलोमीटर ठरायचा.

शर्यतीच्या दिवशी बदला

अमेरिकेतल्या गोल ट्रॅकच्या शर्यतींत दर ट्रॅकला वेगळा रेशो लागतो. टेड हॅलिब्रँड यांच्या क्विक-चेंज ॲक्सलने हा घोर मिटवला. क्राऊन-पिनियन जागच्या जागी ठेवून मागच्या झाकणाआड दोन साधी चक्रं बसवलेली. झाकण काढा, चक्रं अदलाबदल करा, झाकण लावा. रेशो बदलला!

चार का नाही, ३.९०९ च का?

पिनियनला १० दाते आणि क्राऊनला ४० दिले, तर रेशो सुटसुटीत ४ येईल. पण मग पिनियनचा ठरावीक दाता क्राऊनच्या त्याच चार दात्यांना जन्मभर भिडत राहील. एका दात्यावर बारीकसा ओरखडा असला, तर तोच घाव त्याच जागी पुन्हा पुन्हा बसेल. ४३ आणि ११ ला एकाशिवाय दुसरा सामाईक भाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो, आणि तीच जोडी पुन्हा जमायला पिनियनचे ४३ फेरे व्हावे लागतात. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. ३७ भागिले १० म्हणजे ३.७, ३७ भागिले ९ म्हणजे ४.११, ३९ भागिले ११ म्हणजे ३.५४५. जुन्या गाड्यांचे हे वेडेवाकडे वाटणारे आकडे खरं तर फार विचाराने निवडलेले आहेत.

गंधकाचा वास कशासाठी?

१९२६ मध्ये पॅकार्डने आपल्या गाड्यांत हायपॉइड चक्रं आणली. यात पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो, म्हणून शाफ्ट खाली जातो आणि गाडीची बैठकही. पण हे दाते नुसते गोल फिरत नाहीत, एकमेकांवरून घसरतातही. साधं तेल त्या दाबाखाली टिकत नाही. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. ती धातूवर पातळ थर धरतात आणि दाते वाचवतात. मागच्या ॲक्सलचं तेल काढताना नाकात शिरणारा तो उग्र वास याच रक्षकांचा असतो.

मेकॅनिकच्या हातातला ब्रश

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घेतला, की ॲक्सल जन्मभर रडतो. नवी जोडी बसवताना कसबी मेकॅनिक काय करतो ते जवळून पाहण्यासारखं असतं. क्राऊनच्या चार-पाच दात्यांना तो ब्रशने रंगाचा पातळ थर देतो, हाताने चक्र पुढे-मागे फिरवतो आणि दात्यावर उमटलेला ठसा निरखतो. ठसा दात्याच्या मध्यावर आला पाहिजे. टोकाला सरकला, तर पिनियनमागची शिमची चकती बदलायची, पुन्हा सगळं जोडायचं, पुन्हा रंग लावायचा. फरक असतो इंचाच्या काही हजारांशांचा. तेवढा चुकला, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच मागून हूंऽऽ असा सूर ऐकू येतो.

आपल्या गाडीत कोणता आहे, घरीच बघा

साठ वर्षांच्या गाडीत मूळचाच ॲक्सल असेल याची खात्री नसते. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, पुढची चाकं अडवा, मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड द्या. चाकाला आणि प्रोपेलर शाफ्टला खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि जोडीदाराला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफ्रन्शियल अर्धी गती खातं, म्हणून एकाऐवजी दोन फेरे. शाफ्ट चार फेऱ्यांना किंचित कमी फिरला, तर ३.९. तीनहून जरासा जास्त, तर कुणीतरी आधीच ३.०७ बसवलेला आहे! ॲक्सलमध्ये लिमिटेड स्लिप डिफ्रन्शियल असेल, तर मात्र दोन्ही चाकं उचलून एकच फेरा मोजा.

काटा खोटं बोलायला लागतो

अशा बहुतेक गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघते. तिला मागच्या ॲक्सलची खबर नसते. ३.९०९ काढून ३.०७ बसवला, की गाडी खऱ्या १०० वर असताना काटा ७८ च्या आसपास दाखवतो. चलान तर होईलच, पण त्याहून मोठा धोका ब्रेकच्या अंदाजाचा असतो. मीटर नव्या रेशोप्रमाणे जुळवून घेणं हा खर्चातला ठरलेला भाग समजा.

लांबच लांब आकडा घेतला तर?

३.९०९ वरून ३.०७ वर गेलं, की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर २१ टक्क्यांनी घटतो. एमजीबी व्ही८ ला हे पेललं, कारण तिच्या ३,५२८ सीसी इंजिनाचा टॉर्क २६२ न्यूटन मीटर होता. साध्या एमजीबीच्या १,७९८ सीसी इंजिनाचा १४९. तिला तोच ॲक्सल दिला, तर पहिल्या गिअरमध्ये क्लच घासून गाडी उचलावी लागते आणि जरा चढ आला की खालचा गिअर शोधावा लागतो. कमाल वेगही वाढत नाही, उलट घटतो. हवेचा रेटा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, आणि इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही.

आपल्याकडे जुनी गाडी मुंबईहून पुण्याला न्यायची, तर एकाच सकाळी सपाटीवरचा द्रुतगती मार्ग आणि बोरघाटाची चढण, दोन्ही लागतात. नुसता लांब ॲक्सल तिथे उपयोगाचा नाही. मूळचा ॲक्सल राखून ओव्हरड्राइव्ह किंवा पाच गिअरचा बॉक्स बसवणं शहाणपणाचं. ब्रिटनमध्ये फोर्ड सिएराचा टाइप ९ गिअरबॉक्स यासाठी फार लोकप्रिय आहे. त्याचा पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हइतकाच, ०.८२ च्या घरातला.

मग निवडायचं कसं?

आधी मनापासून सांगा, तुम्ही खरंच कोणत्या वेगाने गाडी चालवता. शंभर? मग शंभरच धरा. इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क किती फेऱ्यांना मिळतो ते पुस्तकात पाहा. एमजीबीचा ३,००० ला मिळतो. प्रवासाचा वेग त्या आकड्याच्या थोडा खाली किंवा बरोबर त्यावर आला, की छोटासा चढ आला तरी इंजिन दम टाकत नाही, आणि कानही शांत राहतात. ओव्हरड्राइव्हवाली एमजीबी शंभरला २,८४० वर धावते. अगदी मोक्याची जागा!

शहरात आणि घाटात जास्त फिरणाऱ्याने मूळचा ॲक्सल सोडू नये. हायवेचा शौकीन असून ओव्हरड्राइव्ह नसेल, तर एक पायरी खाली या: ४.३ चा ३.९, ३.९ चा ३.७. मोठं, भरपूर टॉर्कचं इंजिन असेल, तर ३.३१ किंवा ३.०७ खुशाल घ्या. ओव्हरड्राइव्ह मिळत असेल, तर ॲक्सल उघडूच नका. आधी वेग ठरवा, मग टायर मोजा, मग रेशोचा गुणाकार करा, आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्या.